हँडओव्हर म्हणजे काय? चालत्या गाडीत तुमचा कॉल एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर कसा जातो

नांदगाव खंडेश्वरहून बडनेऱ्याकडे निघालेल्या एसटीत बसून घरी फोन लावला आणि अमरावती येईपर्यंत बोलत राहिलात, तर तो एकच कॉल वाटेत बऱ्याच टॉवरच्या हातातून गेलेला असतो. तुम्हाला कळतही नाही. चालू असलेला कॉल किंवा डेटा न तोडता एका सेलकडून दुसऱ्या सेलकडे सोपवणं, याला हँडओव्हर म्हणतात. अमेरिकन लिखाणात याच गोष्टीला हँडऑफ म्हणतात, पण अर्थ तोच.

हँडओव्हर नीट झाला तर त्याबद्दल कोणी बोलत नाही. बिघडला की मग "हॅलो... हॅलो... आवाज येतोय का?" सुरू होतं, गेममध्ये पिंग एकदम चढतो किंवा कॉल सरळ कट होतो. गप्पांमध्ये असं झालं तर फार बिघडत नाही. पण नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. तिथे १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून कोणी अपघाताची खबर द्यायला ११२ किंवा १०८ लावला आणि ठिकाण सांगायच्या आधीच कॉल तुटला, तर ती गोष्ट साधी राहत नाही. म्हणून हे प्रकरण जरा नीट समजून घेऊ.

आधी टॉवर आणि सेल यातला फरक

आपण सगळ्यालाच टॉवर म्हणतो. पण एका टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेचा एक वेगळा सेक्टर असतो. त्यातही एकाच सेक्टरमध्ये कंपनी दोन-तीन फ्रिक्वेन्सी बँड चालवत असेल, तर प्रत्येक बँडचा सेल वेगळा मोजला जातो. म्हणजे गावाबाहेरच्या एका लोखंडी मनोऱ्यावर एकाच कंपनीचे सहा किंवा नऊ सेल सहज असू शकतात. टॉवरभोवती नुसती एक चक्कर मारली तरी हँडओव्हर होतो. तो सोपा असतो, कारण दोन्ही सेलचा मेंदू एकाच पेटीत बसलेला असतो. खरी गंमत आणि खरा त्रास सुरू होतो तो दोन वेगळ्या टॉवरमध्ये.

कॉल चालू नसेल तेव्हा

फोन खिशात नुसता पडलेला असताना हँडओव्हर होतच नाही. तेव्हा कोणत्या सेलवर बसायचं हे फोन स्वतः ठरवतो, नेटवर्कला दर वेळी विचारत नाही. याला सेल रीसिलेक्शन म्हणतात. नेटवर्कला तेव्हा एवढंच माहीत असतं की हा फोन अमुक टॉवरांच्या गटात कुठेतरी आहे. या गटाला ट्रॅकिंग एरिया म्हणतात. तुम्हाला कोणी कॉल केला की त्या गटात हाक मारली जाते, "हा नंबर कुठंय रे?", आणि तुमचा फोन ओ देतो. गट ओलांडला तरच फोन नेटवर्कला नवा पत्ता कळवतो.

कॉल किंवा डेटा सुरू झाला की मात्र सूत्रं नेटवर्ककडे जातात. फोन फक्त मोजमाप करून कळवतो, निर्णय टॉवर घेतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

४जी मध्ये हँडओव्हर पायरीपायरीने

समजा तुमची एसटी नांदगाव सोडून बडनेऱ्याच्या दिशेने चालली आहे. मागच्या टॉवरला 'जुना' म्हणू, पुढच्याला 'नवा'.

फोन सतत दोन्हींची ताकद मोजत असतो. ४जी मध्ये या मोजमापाला आरएसआरपी म्हणतात आणि ते डीबीएम या एककात, उणे आकड्यात येतं. उणे ८० म्हणजे छान, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली गेलं की देवाचं नाव घ्या. हे एकक फसवं आहे. दर १० च्या फरकाला ताकद दहापट बदलते. उणे ८० आणि उणे ११० यांत तीसचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात सिग्नल हजारपट कमी झालेला असतो.

आता जुना टॉवर उणे १०४ वर आला आणि नवा उणे १०० वर. नवा चारने पुढे. मग लगेच उडी मारायची का? नाही. कंपनीने आधीच अट घालून ठेवलेली असते, उदाहरणार्थ नवा टॉवर किमान ३ ने सरस हवा आणि तो तसा सलग ३२० मिलिसेकंद तरी राहायला हवा. अट पूर्ण झाली की फोन जुन्या टॉवरला मोजमापाचा अहवाल पाठवतो. इंजिनिअर लोक या अटीला ए३ इव्हेंट म्हणतात.

जुना टॉवर मग नव्याला विचारतो, "माझ्याकडचा एक फोन तुझ्याकडे येतोय, जागा आहे का?" नव्याकडे जागा असली तर तो त्या फोनसाठी जागा राखतो, आत यायची एक खूण ठरवून देतो आणि ती जुन्याला कळवतो. जुना ती खूण फोनला देतो आणि सांगतो, "जा आता." फोन जुन्याशी संपर्क तोडतो, नव्याच्या फ्रिक्वेन्सीवर आणि वेळेवर स्वतःला जुळवून घेतो, ठरलेली खूण दाखवतो आणि आत शिरतो. या मधल्या क्षणात तुमच्यासाठी आलेला आवाज किंवा डेटा जुना टॉवर फेकून देत नाही, तो नव्याकडे ढकलत राहतो. फोन पोचला की नवा टॉवर नेटवर्कच्या मुख्य यंत्रणेला सांगतो, "यापुढे या गड्याचा माल माझ्याकडे पाठवा." मग जुना टॉवर आपली नोंद पुसतो.

प्रत्यक्ष तुटलेला काळ साधारण ३० ते ६० मिलिसेकंद असतो. व्होएलटीई कॉलमध्ये आवाजाचं एक पाकीट दर २० मिलिसेकंदांनी जातं, म्हणजे दोन-तीन पाकिटांना उशीर होतो किंवा ती हरवतात. फोन आवाज थोडा साठवून वाजवत असल्यामुळे एवढी फट कानाला कळत नाही. गेम खेळणाऱ्याला मात्र कधी कधी कळते.

व्हॉट्सॲप कॉलचं काय? तोही तुटत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टॉवर बदलला तरी तुमच्या फोनचा आयपी पत्ता बदलत नाही. तो पत्ता टॉवरवर नसतोच, कंपनीच्या आतल्या मुख्य यंत्रणेत एका ठिकाणी बांधलेला असतो. टॉवर बदलतात, खुंटा तोच राहतो. पण घरच्या वायफायवर व्हॉट्सॲप कॉल चालू असताना बाहेर पडलात, तर आयपी पत्ताच बदलतो आणि ॲपला नव्याने जोडून घ्यावं लागतं. दारातून बाहेर पडताना जो अडखळा येतो तो यामुळे. कंपनीच्या वायफाय कॉलिंगमध्ये ही अडचण कमी येते, कारण तिथे तुमचा कॉल वायफायवरून आला तरी कंपनीच्याच खुंट्याला बांधलेला असतो. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केली.

अट इतकी अवघड कशाला?

सिग्नल एकसारखा कधीच नसतो. झाड आलं, ट्रक आडवा आला, तुम्ही फोन या कानाचा त्या कानाला नेला, तरी तो वरखाली होतो. तीनचा फरक आणि ३२० मिलिसेकंदांची वाट ही अट नसती, तर दोन टॉवरच्या मधोमध उभा असलेला फोन एकदा इकडे, एकदा तिकडे उड्या मारत बसला असता. याला पिंगपाँग म्हणतात. प्रत्येक उडीला वर सांगितलेला सगळा कारभार पुन्हा होतो, बॅटरी जाते आणि कॉल तुटायची एक नवी संधी तयार होते.

पण अट फार कडक केली तरी पंचाईत. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर जाते. वाट पाहायचा काळ ६४० मिलिसेकंद ठेवला तर तेवढ्यात गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. सपाट उघड्या रानात २१ मीटर म्हणजे काहीच नाही. पण रस्ता खोदकामातून, पुलाखालून किंवा टेकडीच्या आडोशाने जात असेल, तर तेवढ्यात जुना टॉवर गायब होऊ शकतो.

आणि इथे मुख्य मेख आहे. "जा आता" हा आदेश जुन्या टॉवरकडूनच यावा लागतो. म्हणजे ज्याचा आवाज नीट ऐकू येईनासा झालाय, म्हणून आपण त्याला सोडतोय, त्याच्याकडूनच परवानगी यायची. उशीर झाला तर नवा टॉवर समोर खणखणीत दिसत असतो, फोनने अहवालही पाठवलेला असतो, पण आदेश काही पोचत नाही. रेंजचे दांडे असूनही कॉल तुटतो, त्यातल्या बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं.

असं झालं की फोन एक घड्याळ लावतो, बहुतेक ठिकाणी ते सेकंदभराचं असतं. तेवढ्यात जुना टॉवर सापडला नाही, तर फोन नातं तुटलं असं धरतो आणि जो चांगला सेल दिसेल त्याच्याकडे जाऊन "मी अमक्याकडे होतो, मला घे" म्हणतो. त्या सेलकडे या फोनची माहिती आधीच आलेली असेल किंवा त्याला ती जुन्याकडून मागवता आली, तर एक-दोन सेकंदांच्या शांततेनंतर कॉल परत जिवंत होतो. नसेल तर फोनला नव्याने जोडणी करावी लागते, आणि तोवर कॉल बहुधा गेलेलाच असतो. म्हणून आवाज गेला की लगेच लाल बटण दाबू नका, दोन-तीन सेकंद थांबा.

वेग हा खरा गुन्हेगार नाही

समृद्धीवर नेटवर्क तुटतं ते गाडी फार जोरात जाते म्हणून, असा समज आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. वेगामुळे फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, ॲम्ब्युलन्सचा सायरन जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड वाटतो तसं. पण १८०० मेगाहर्ट्झच्या बँडवर १२० च्या वेगाला हे सरकणं सुमारे २०० हर्ट्झ असतं. ४जी चे उपवाहक एकमेकांपासून १५,००० हर्ट्झ अंतरावर असतात, त्यामुळे २०० चा फरक यंत्रणा सहज पचवते. ४जी ताशी ३५० किलोमीटर वेगापर्यंत चालावं असं धरूनच आखलेलं आहे.

मग अडतं कुठे? समृद्धी महामार्ग एकूण ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. अमरावती जिल्ह्यात तो धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून सुमारे ७३ किलोमीटर जातो. हा रस्ता मुद्दाम गावांना टाळून नव्या जमिनीवरून आखला गेला, आणि टॉवर मात्र गावं पाहून उभे राहिलेले. कंपनीने लोकवस्तीकडे तोंड करून लावलेला अँटेना महामार्गाला पाठ किंवा कड दाखवतो. दोन सेलची टोकं एकमेकांवर पुरेशी चढलेली नसली की हँडओव्हरला लागणारी जागाच उरत नाही. हद्द ओलांडताना दोन्ही बाजूंचे टॉवर काही काळ एकदम दिसायला हवेत, तरच सोपवासोपवी होते.

गणित करून पाहू. रस्त्यावर एका सेलचा पट्टा ३ किलोमीटर धरला, तर १२० च्या वेगाने तो ९० सेकंदांत संपतो. अमरावती शहरात ४०० मीटरचा सेल ३० च्या वेगाने ४८ सेकंदांत संपतो. म्हणजे हँडओव्हर शहरातच जास्त होतात, तरी तिथे कॉल कमी तुटतात. कारण तिथे एकाच वेळी चार-पाच सेल ऐकू येत असतात. हातातलं सोडायच्या आधी धरायला दुसरं काहीतरी असतं.

वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानात उलटाही त्रास असतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झसारखे खालचे बँड उघड्या जमिनीवर फार लांब जातात. त्यामुळे तीन गावं पलीकडचा टॉवर मध्येच जोरात दिसतो, फोन त्याच्याकडे उडी मारतो आणि थोडं पुढे गेल्यावर लक्षात येतं की त्या टॉवरला इथला जवळचा सेल शेजारी म्हणून माहीतच नाही. प्रत्येक टॉवरकडे शेजाऱ्यांची यादी असते, आणि यादीत नसलेल्याकडे फोन सोपवता येत नाही. हल्ली फोनच्या अहवालांवरून टॉवर ही यादी स्वतः भरतात, पण कोणीतरी ती नीट चालते का ते पाहावं लागतं.

त्यात लाइट गेली आणि एखाद्या टॉवरची बॅटरी बसली, तर साखळीतली एक कडीच निघते. आजूबाजूचे टॉवर ठरलेल्या अटींवरच चालत राहतात आणि मधला पट्टा पोरका होतो. रोज नीट चालणारा रस्ता एखाद्या दिवशी अचानक वाईट वागायला लागला, तर हे कारण आधी धरा.

अमरावती ते चांदूर रेल्वे रस्त्यावर पोहरा-मालखेडच्या जंगलाचा पट्टा लागतो. तिथे टेकड्या आणि झाडी दोन्ही आहेत, म्हणजे सिग्नल हळूहळू उतरत नाही, वळणावर एकदम पडतो. हळूहळू उतरणारा सिग्नल हँडओव्हरला वेळ देतो, एकदम पडणारा देत नाही.

रेल्वेचा प्रकार तर आणखीनच वेगळा. बडनेरा-चांदूर-धामणगाव ही हावडा-मुंबई मार्गावरची लाइन आहे. गाडी सेलची हद्द ओलांडते तेव्हा एक फोन हद्द ओलांडत नाही, शेकडो फोन काही सेकंदांत ओलांडतात. नव्या टॉवरच्या दारात एकदम गर्दी होते, जागा राखायची सोय संपते आणि काही जणांना नकार मिळतो. वर एसी डब्याची बंद काच आणि धातूचा पत्रा सिग्नल खातो तो वेगळाच.

आधी कसं होतं

शहराचे छोटे छोटे सेल पाडून तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरायची ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये कागदावर आली. पण चालू कॉल या सेलमधून त्या सेलमध्ये न्यायचा कसा, याचं स्विचिंगचं उत्तर तिथल्याच एमॉस जोएल यांनी काढलं. त्याचं पेटंट त्यांना १९७२ मध्ये मिळालं. मधली पंचवीस वर्षं कल्पना अडून होती ती नुसत्या हँडओव्हरसाठी नव्हे, पण त्याशिवाय ती पुढे जाणंही शक्य नव्हतं.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला सुखराम यांना लावलेला. त्या काळच्या २जी मध्ये टॉवर स्वतः काही ठरवत नसे. अनेक टॉवरवर एक नियंत्रक बसलेला असे आणि फोन त्याला सेकंदात साधारण दोनदा आपल्याकडचा व शेजारच्या सहा सेलचा अहवाल देई. थोडक्यात, गावच्या प्रत्येक कामाला तहसीलची सही. ४जी मध्ये हा मधला नियंत्रक काढून टाकला आणि टॉवरांना एकमेकांशी थेट बोलायची सोय दिली. काम पटकन होऊ लागलं, पण शहाणपण आता प्रत्येक टॉवरमध्ये वाटलं गेलं. एका टॉवरची अट चुकली तर ती चूक त्या टॉवरच्या चारी बाजूंना जाणवते.

२००३ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए फोन घरोघरी आले होते, काकांना विचारा. त्यांच्यात एक छान गोष्ट होती. हद्दीवर असताना फोन दोन टॉवरशी एकाच वेळी बोलायचा, आधी नवा हात धरायचा आणि मग जुना सोडायचा. याला सॉफ्ट हँडओव्हर म्हणत. ४जी ने ही सोय सोडली, कारण तिच्यात एकाच कॉलसाठी दोन टॉवरची जागा अडते. माझ्या मते डेटासाठी तो निर्णय बरोबर होता. आवाजाच्या कॉलला मात्र त्याची किंमत कधी कधी मोजावी लागते.

४जी संपलं तर?

हे तुमच्या सिमवर अवलंबून आहे. ज्या कंपनीकडे २जी आहे तिथे व्होएलटीई कॉल ४जी च्या काठावर आला की तो २जी वर उतरवता येतो. आवाज जरा बोदा होतो, इंटरनेट मरतं, पण कॉल राहतो. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच फक्त ४जी वर, त्यामुळे तिथे खाली उतरायला पायरीच नाही. जिओचा ४जी पट्टा संपला की कॉल संपला. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये 'फक्त ४जी' किंवा 'फक्त ५जी' असं करून ठेवणारे एअरटेल आणि व्हीआयचे ग्राहक हा आधार स्वतःच्या हाताने काढून टाकतात. स्पीडसाठी तसं केलं असेल तर प्रवासाला निघताना ते परत ऑटोवर टाका.

५जी मध्ये काय सुधारलं

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. जिओने स्वतंत्र ५जी उभारलं, एअरटेलने सुरुवात ४जी च्या खांद्यावर बसवलेल्या ५जी ने केली. दुसऱ्या प्रकारात फोनचा मुख्य धागा ४जी शीच असतो, ५जी हा वरचा जादा रस्ता. त्यामुळे स्क्रीनवरचं ५जी चिन्ह गेलं-आलं तरी कॉलला धक्का लागत नाही.

५जी त टॉवरचा मेंदूही दोन भागांत तोडता येतो. रेडिओच्या जवळचा भाग टॉवरपाशी आणि विचार करणारा भाग मागे कुठेतरी, अनेक टॉवरसाठी मिळून एक. एकाच मेंदूखालच्या दोन टॉवरमध्ये हँडओव्हर असेल तर मुख्य यंत्रणेपर्यंत जावं लागत नाही. २जी तला नियंत्रक काढला होता, तो काहीसा परत आला म्हणायचा.

आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, कंडिशनल हँडओव्हर. तिचं मानक २०२० मध्ये पक्कं झालं. यात जुना टॉवर सिग्नल चांगला असतानाच फोनला सांगून ठेवतो, "पुढचे हे दोन-तीन टॉवर तुझ्यासाठी तयार आहेत. अमुक अट पूर्ण झाली की माझी वाट पाहू नकोस, तू जा." वर सांगितलेली मेख इथे सुटते, कारण शेवटच्या क्षणी जुन्याकडून आदेश यायची गरजच उरत नाही. अर्थात फोन आणि नेटवर्क दोघांनाही ती सोय हवी आणि कंपनीने ती चालू केलेली हवी.

टॉवर आपसांत शिकतातही. फोन नातं तुटून नव्या टॉवरकडे गेला की नवा जुन्याला कळवतो, "तुझा फोन माझ्याकडे पडत-धडपडत आला." अशा नोंदींवरून जुना टॉवर ठरवतो की आपण सोडायला उशीर केला, घाई केली की भलत्याच टॉवरकडे पाठवलं, आणि अटी थोड्या थोड्या बदलतो. पण शिकून जागा तयार होत नाही. दोन सेलमध्ये खरीच फट असेल तर तिथे नवा टॉवर किंवा वळवलेला अँटेनाच लागतो.

स्वतः पाहायचं असेल तर

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं की फोनची माहिती उघडते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. सेलची माहिती दाखवणारी फुकट ॲपही आहेत. त्यात तीन गोष्टी बघा. आरएसआरपी, म्हणजे ताकद. पीसीआय, म्हणजे सेलचा ० ते ५०३ मधला हजेरी क्रमांक, ५जी असेल तर १००७ पर्यंत. आणि सेल आयडी. सेल आयडीला २५६ ने भागा. भागाकार हा सहसा टॉवरचा क्रमांक आणि बाकी हा त्यावरच्या सेलचा. उदाहरणार्थ १,२३,४५,६०२ ला २५६ ने भागलं तर ४८,२२५ येतात आणि बाकी २. एसटीतून जाताना भागाकार तोच राहून बाकी बदलली तर सेक्टर किंवा बँड बदलला. भागाकार बदलला तर टॉवर बदलला. रोज ये-जा करणाऱ्याला आठवडाभरात आपल्या रस्त्याचा नकाशा पाठ होतो. हे बसमधून करा, गाडी चालवताना नको.

प्रवासात कामाच्या गोष्टी

आपत्कालीन कॉल असेल तर पहिलं वाक्य ठिकाणाचं. नाव, काय झालं, कसं झालं हे नंतर. महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या फलकावरचा आकडा आणि कोणत्या बाजूची लेन, नागपूरकडची की मुंबईकडची, एवढं आधी बोला. टॉवरवरून तुमची जागा आपोआप नेमकी कळेल असं धरू नका. खेड्यातला सेल काही किलोमीटरचा असतो, आणि नुसत्या सेलवरून जागा तेवढीच ढोबळ कळते. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी फोन ११२ साठी दुसऱ्या कंपनीचा सेल वापरायचा प्रयत्न करतो, त्यामुळे "नेटवर्क नाही" दिसलं तरी लावून बघा.

यूपीआय पेमेंट करताना हँडओव्हर झाला म्हणून पैसे अडकत नाहीत, ४०-५० मिलिसेकंदांत काही होत नाही. अडकतात ते नातं तुटून पाच-दहा सेकंद गेले तर. तुमचा आदेश बँकेपर्यंत गेलेला असतो आणि उत्तर परत यायला रस्ता नसतो. म्हणून बसमध्ये तिकीट काढताना "प्रोसेसिंग" वर गाडं अडलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी व्यवहारांची यादी उघडून बघा.

तक्रार करायची तर

ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांचं कॉल ड्रॉपचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असायला हवं. तुटलेल्या प्रत्येक कॉलला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये भरपाई द्यायचा नियम ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून लावला होता. सुप्रीम कोर्टाने ११ मे २०१६ ला तो रद्द केला. तेव्हा आज कॉल तुटला म्हणून पैसे मिळत नाहीत.

पण सरासरी २ टक्क्यांच्या आत असली तरी एखादा पट्टा रोज दगा देऊ शकतो, आणि तो कंपनीच्या आकड्यांत बुडून जातो. अशा वेळी १९८ वर तक्रार करताना "आमच्याकडे रेंज नाही" एवढंच म्हटलं तर त्यातून काही निघत नाही. तारीख आणि वेळ, रस्त्यावरची खूण किंवा किलोमीटरचा आकडा, कोणत्या दिशेने जात होतात, कॉल तुटायच्या आधीचा सेल आयडी आणि नंतरचा सेल आयडी, एवढं द्या आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. दिशा मुद्दाम सांगायची, कारण नांदगावकडून येताना तुटणारा कॉल बडनेऱ्याकडून जाताना त्याच जागी तुटेलच असं नाही. दोन्ही बाजूंच्या टॉवरच्या अटी वेगळ्या असतात, आणि इंजिनिअरला त्यातली नेमकी कोणती उघडून बघायची ते तिथूनच कळतं.